एक डोळा दाऊदचा

‘कप्तान बारूद’ हा सिनेमा भिवंडीत कधी आला आणि कधी गेला, फारसं कुणाला कळलंही नाही. हिरो जाड होता, घोडा म्हातारा होता, आणि शेवटच्या मारामारीत बॉम्ब फुटायच्या आधीच माणसं धडाधड पडत होती. लूमवरचे कामगार शिफ्ट सुटल्यावर बघायला गेले आणि खुर्च्यांचं रेग्झिन फाडून परत आले. पण त्या सिनेमाचा बाहुला चांगला होता. हे मत चंद्राचं, आणि तिला मत द्यायचा हक्क होता. त्या बाहुल्याला तिच्याइतकं जवळून जगात दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं.

बाहुला वीतभर उंच. हात खांद्यात फिरायचे, पाय कमरेत वाकायचे, मान मात्र जागची हलायची नाही, त्यामुळे कप्तान बसला तरी कडक इस्त्री केल्यासारखा बसायचा. सोबत त्याचा सगळा संसार होता: हेल्मेट, कमरेचा पट्टा, दुर्बीण, पाण्याची बाटली, पिस्तूल आणि पाठीवर लाल कापड. त्या कापडाला बाहुले करवून घेणारा मुंबईचा व्यापारी केप म्हणायचा, ते जिथे बनायचे त्या शेडमधल्या बाया झूल म्हणायच्या, बैलाच्या पाठीवर असते ती. पाण्याची बाटली सुबक होती, तिच्यावर बोटाला लागेल असं बारीक झाकणही उठवलेलं होतं. पिस्तूल मात्र दळभद्री. कप्तानाच्या मुठीत ते कधी टिकलं नाही. मूठ सैल आणि पिस्तुलाचा दांडा बारीक, खोकं उघडलं की ते टपकन खाली. “ह्याचं लगीन नको लावू कुनी, हातात काय राहात न्हाय ह्याच्या,” असं चंद्रा म्हणायची आणि बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या.

चंद्रा मानकोलीकडची, आगरी. लग्नाआधी मामाकडे राहायची, तिथे गणपतीचा कारखाना होता. मूर्तीचे डोळे रंगवायचे त्याला कारखान्यात आखणी म्हणतात, आणि आखणी करणाऱ्याचा मान मोठा. मामाच्या हाताला कंप सुटला तेव्हा त्याने ब्रश भाचीच्या हातात दिला. लोकांना सांगितलं नाही, पण पुढची काही वर्षं आसपासच्या घरांत जे गणपती आले, ते चंद्राच्या डोळ्यांनी बघत होते. लग्न झाल्यावर ते संपलं. नवरा नवशा मिळेल तिथे हमाली करायचा. म्हणून भिवंडीत बाहुल्यांना डोळे काढायला बाई पाहिजे असं कानावर आलं, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर झाली.

शेड गुलाम हुसेन शेठची. निजामपुऱ्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याची. शेठ म्हणायचं ते जुन्या सवयीने, कारण मंदीने त्याला धुऊन काढलं होतं. निम्मे लूम भंगारात गेले आणि त्यांच्या जागी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने प्लास्टिक ओतायची हातमशीनं आणून बसवली. गुलाम हुसेन पाच वेळचा नमाजी, आणि नमाजी असण्याचा त्याला थोडा तोराही होता. त्याच्या घरात भिंतीवर मक्केच्या चित्राशिवाय काही नाही. फोटो तर सक्त मना. शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता त्या दिवशी त्याने पोराला घरी बसवून ठेवलं होतं. असा माणूस बाहुल्यांच्या धंद्याला जागा देतो म्हटल्यावर मोहल्ल्यात लोक बोलणारच. गुलाम हुसेनने उत्तर तयार ठेवलं होतं: “शेड माझी हाय, बाहुला व्यापाऱ्याचा हाय.” पोट मध्ये आलं की माणूस अशी वाट काढतोच. काढली म्हणून त्याला हसायचं कारण नाही.

त्याच्या बायकोने, सालेहाने, आणखी एक वाट काढली. झूल आणि पट्टा शिवायला मोहल्ल्यातल्या बाया होत्या, त्यांच्यावर देखरेख सालेहाची. सगळं करू, ती म्हणाली, पण डोळे आमची बाई काढणार नाही. चित्राला डोळे काढले की ते जिवंताची नक्कल होतं, आणि मग कयामतच्या दिवशी अल्ला विचारतो, काढलंस ना, आता घाल ह्यात जीव. बिनडोळ्यांचा बाहुला म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्यामुळे काम असं वाटलं गेलं: कापडचोपड सालेहाकडे, डोळे चंद्राकडे. चंद्राला यात काही वावगं वाटलं नाही. मामासुद्धा आखणी झाल्याशिवाय मूर्तीला नमस्कार करत नसे. दोघी एकाच गोष्टीला मानत होत्या, एक हात लावायला घाबरायची आणि दुसरी हात धुऊन लावायची, एवढाच फरक.

दोघींचं छान जमलं. दुपारी चंद्रा सुक्या बोंबलाची चटणी आणायची, सालेहा तांदळाची भाकरी, आणि शेडच्या मागे पाण्याच्या पिंपाच्या सावलीत बसून दोघी सासूचा उद्धार करायच्या. दोघींच्याही सासवा कधीच वारल्या होत्या, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

मधल्या मशीनवर दाऊद असायचा, सालेहाचा एकुलता एक मुलगा. हाताने मोठा दांडा ओढायचा, प्लास्टिकचा दाणा वितळून साच्यात जायचा आणि साचा उघडला की कप्तान बारूद पाठ करून बाहेर. त्या कप्तानाचं तोंड दाऊदचंच होतं. झालं होतं असं, की व्यापाऱ्याने साचा कोरणाऱ्याला सिनेमाचं पोस्टर दिलं, आणि पोस्टरवर हिरोचं तोंड निम्मं धुरात. कोरणारा वैतागला. त्याने समोर काम करत असलेल्या दाऊदला स्टुलावर बसवलं आणि मेणात त्याचं तोंड उतरवून घेतलं: रुंद गाल, नाकाच्या मध्यावर बारीक उंचवटा, हनुवटीला खाच. गुलाम हुसेनला हे कळलं तेव्हा साचा पोलादात उतरून आला होता आणि भांडून उपयोग नव्हता. दाऊदला सगळी मजाच वाटली. “चंद्रामावशी, बग, सकाळपासून मी किती जन्मलो,” तो ओरडायचा.

डोळे मात्र पोस्टरचे. धुरातून तेवढेच दिसत होते: भुवई चढवलेली, नजर तिरकी, रागीट. चंद्राला ते डोळे आवडले नाहीत, पण काम ते काम. आखणीचा तिचा एक नियम होता आणि तो तिने हाताखालच्या बायांनाही शिकवला. श्वास रोखायचा, डावा डोळा काढायचा, आणि त्याच दमात ब्रश उजव्यावर न्यायचा. मध्ये थांबायचं नाही, विचार करायचा नाही. थांबलं की दुसरा डोळा पहिल्याचा सावत्र भाऊ होतो. “डावा आपन काढायचा, उजवा आपोआप येतो,” ती सांगायची. बिघडला तर इलाज नव्हता. रंग पुसायला थिनर लागायचं, आणि थिनरने त्या प्लास्टिकचं लोणी व्हायचं. पुसलेल्या बाहुल्याचं नाक, गाल, सगळं सपाट होऊन यायचं आणि तो पुन्हा दाण्यासाठी दळायला जायचा.

सिनेमा पडला तरी बाहुला उरुसात आणि जत्रांत खपत राहिला. मग चौऱ्याऐंशीचा मे महिना आला आणि भिवंडी पेटली.

त्या दिवसांबद्दल ज्यांनी बोलायचं ते बोलून गेलेत, आणि ज्यांनी बोलायला हवं होतं ते अजून गप्प आहेत. चंद्रा गावात अडकली होती. शहराच्या बाजूला आभाळ काळं दिसत होतं आणि तिच्या गावात कोण कुठे गेला, कोण कधी परत आला, हे त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला विचारलं नाही. तिनेही नवशाला विचारलं नाही. तो घरीच होता, हे तिला ठाऊक होतं, तरी शेजारच्या दारांकडे बघायचं तिने टाळलं. नंतर कर्फ्यू उठल्यावर बातमी आली. गुलाम हुसेनची शेड जळाली. दाऊद मशीनवरचे साचे वाचवायला आत गेला होता. आतला सगळा माल, सगळे कप्तान, त्यांचे पट्टे, बाटल्या, हेल्मेटं, सगळं वितळून एक काळा गोळा झाला होता, आणि दाऊद त्याच्या जवळ सापडला. कफन बांधण्याआधी आईला मुलाचं तोंड शेवटचं दाखवतात. सालेहाला दाखवलं नाही. दाखवण्यासारखं तोंड उरलं नव्हतं.

चंद्राला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिने दिवस घालवले. पहिल्यांदा वातावरणाची भीती होती. मग भीती गेली आणि लाज आली. कुठल्या तोंडाने जायचं आणि काय बोलायचं? तिने काही केलं नव्हतं, पण तिच्या बाजूच्या लोकांनी केलं होतं, आणि दुःखाच्या घरात हा हिशोब मांडता येत नाही. वर्षं जातात, तसं जाणं अवघड होत जातं. ती गेलीच नाही.

मानकोलीची शेतं हळूहळू गोदामांखाली गेली. भात लावणाऱ्या बाया खोके मोजू लागल्या. चंद्राही एका गोदामात चेकिंगला लागली. आलेल्या मालातलं फुटकं-तुटकं वेगळं काढायचं. हात तोच, नजर तीच, पण रंग गेला होता. शहाण्णव सालच्या थंडीत एका दुपारी वॉचमन येऊन म्हणाला, “ए चंद्राबाई, भिवंडीशी कोन तरी म्हातारा आयलाय.”

गुलाम हुसेन गेटपाशी उभा होता. दाढी पांढरी, खांदे खाली, हातात कापडी पिशवी. चंद्राने पदर सावरला आणि जवळ गेली. आधी तोच बोलला.

“ओळखलास ना?”

“शेठ, असा का ईचारता? मीच याला पायजे होता. मी...”

“ते राहू दे,” तो म्हणाला. “मी कामाला आलोय.”

त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि वॉचमनच्या बाकड्यावर उलगडली. कप्तान बारूद. हाताची सवय जात नाही, चंद्राने तो उचलला आणि उलटासुलटा करून तपासला. पाय कमरेतून सैल झालेले. पट्टा शाबूत. दुर्बिणीची दोरी नवी, घरी वळलेली. पाण्याची बाटली होती, हेल्मेटची एक कड मोडली होती, पिस्तूल अर्थातच नव्हतं. झूल उन्हाने गुलाबी पडलेली, तरी टाके एकसारखे. सालेहाचे टाके हजारांत ओळखू यायचे. आणि तोंड कोरं. डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे.

“ह्यो कुठं वाचला?”

“घरात व्हता. झुलीचं माप घ्यायला ती बिनडोळ्यांचा एक घरी घेऊन आली व्हती. तेवढाच राहिला.”

मग गुलाम हुसेन बाकड्यावर बसला आणि त्याने जे सांगितलं ते एका दमात सांगितलं, थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं म्हणून. सालेहा आजारी होती. अंथरुणाला खिळली होती, आणि आता तिचं डोकंही तिला सोडून चाललं होतं. सकाळची गोष्ट दुपारी आठवत नव्हती. इतकी वर्षं ती डोळे मिटून पोराचं तोंड बघत होती, आणि आता ते तोंड येत नव्हतं. रडायची, म्हणायची, दाऊद कसा दिसत व्हता ते सांगा. कोकणी मुसलमानांच्या घरांतली निम्मी पोरं आखातात जातात, त्यांचे पासपोर्टचे तरी फोटो असतात. दाऊदला बापाने शेड सांभाळायला घरी ठेवून घेतलं होतं. फोटो एकही नाही. जगात त्याच्या तोंडाची एवढी एकच खूण होती, ही. सालेहा ती हातात घेऊन बसायची आणि म्हणायची, ह्यो माझ्याकडं बघत न्हाय.

“तू डोळे काढ ह्याला,” गुलाम हुसेन म्हणाला. “कप्तानाचे नको. दाऊदचे. तू त्याच्यासमोर बसायचीस.”

चंद्रा हबकली. “पन शेठ, तुमच्यात...”

“गुनाह माझ्या डोक्यावर. अल्ला मला ईचारू दे जीव घाल म्हनून. माझ्याच्यानं तो घालवत असता तर मी तुझ्याकडं आलो असतो?”

एवढं बोलून त्या कडक माणसाने वॉचमनदेखत तोंड रुमालात लपवलं. चंद्रा हो म्हणाली. नाही म्हणायची सोयच नव्हती. शिवाय तिच्या मनात आलं, इतकी वर्षं नाही गेले, आता काहीतरी हातात घेऊन जाता येईल.

दाऊदचे डोळे तिला स्वच्छ आठवत होते. उजव्यात काही विशेष नव्हतं, शांत, सरळ, मोठा डोळा. डावा वेगळा. त्याची पापणी जन्मतःच जराशी खाली, त्यामुळे तो नेहमी आत्ताच झोपेतून उठल्यासारखा किंवा कसलंतरी गुपित ठाऊक असल्यासारखा दिसायचा. तो डोळा जमला तर दाऊद, नाही तर कुणीही. आणि संधी एकच. बिघडलं तर पुसता येणार नाही, पुसायला गेलं तर तोंडच जाईल. सालेहाकडे मग कोरं तोंडही उरणार नाही.

तिने तालीम सुरू केली. बाजारातून एनॅमलच्या दोन बारक्या डब्या आणल्या, ब्रशचे केस ब्लेडने कापून दोन-तीनच ठेवले, आणि कोंबडीच्या अंड्यांवर डोळे काढू लागली. सुरुवातीला हात जड होता. मग हलका झाला, पण जो डोळा येई तो कप्तानाचा येई. भुवई आपसूक चढायची, बुबुळ आपसूक कोपऱ्यात जायचं. हजारो वेळा केलेलं हात विसरत नाही. तिने त्या हाताला शिव्या घातल्या. नवशा कामावरून आला आणि टोपलीतून डझनभर रागीट डोळे त्याच्याकडे बघताना पाहून मागे सरला. “ह्याचा आमलेट मी न्हाय खानार,” तो म्हणाला. शेवटी एका रविवारी ती खाली आलेली पापणी जमली. अंड्यावर दाऊद झोपाळू बघत होता. तिने तो डावा डोळा पुन्हा पुन्हा काढला, मुठीत बसेपर्यंत काढला. उजव्याची तिने फिकीर केली नाही. सरळ साधा डोळा, त्याला काय तालीम करायची? अवघडाची तयारी माणूस करतो आणि सोप्याला गृहीत धरतो. तिथेच फसतो.

शुक्रवारी ती गेली. निजामपुऱ्यात तेच घर, भिंतींना नवा रंग, मक्केचं तेच चित्र. सालेहा खिडकीजवळच्या पलंगावर होती, वाळून काडी झालेली. चंद्राला तिने चटकन ओळखलं. ज्या मनातून पोराचं तोंड पुसलं गेलं होतं, त्यात बोंबलाची चटणी मात्र जागच्या जागी होती.

“चटनी आनलीस?” तिने विचारलं.

“आनलीय,” चंद्रा म्हणाली, आणि तिला हुंदका आला. “सालेहाबी, मी आधी आले न्हाय. मना माफ कर.”

“ये, बस. उन्हात बस, उजेड पायजे ना तुला.”

तिला कामाचं ठाऊक होतं. गुलाम हुसेनने सांगितलं होतं की ते तिने स्वतःच हेरलं होतं, कोण जाणे. तो स्वतः दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसला, पाठ करून. चंद्राने हात धुतले. बाहुला उशीवर टेकवला, झूल मागे सारली. रंगाच्या डब्या खिडकीच्या कठड्यावर उघडल्या. आधी डोळ्यांचं पांढरं भरून घेतलं. ते वाळेपर्यंत सालेहा तिचा पदर हातात धरून बसली होती, जत्रेत हरवायची भीती वाटणाऱ्या पोरीसारखी.

पांढरं वाळलं. चंद्राने श्वास रोखला आणि डाव्या डोळ्यावर ब्रश टेकवला. पापणीची रेघ, जराशी खाली. बुबुळ, तपकिरी, निम्मं झाकलेलं. एक बारीक ठिपका उजेडाचा.

प्लास्टिकच्या त्या तुकड्यातून दाऊदने बघितलं.

“दाऊद!” सालेहा किंचाळली. “आला गं! माझा दाऊद!”

त्या हाकेने चंद्राचं काळीज हललं, पण श्वास अजून रोखलेला होता, आणि डावा झाला की त्याच दमात हात उजव्यावर जायचा, हे तिच्या हाताने कधीचं ठरवून टाकलं होतं. तो गेला. तिने बघितलं तेव्हा ब्रश परत आलाही होता. उजव्या बाजूला भुवई चढलेली, बुबुळ कोपऱ्यात, रागीट, तिरकी नजर. कप्तान बारूद.

बाहेर कुणाच्यातरी शेडमधून लूमचा खडखडाट येत होता. सालेहाने बाहुला दोन्ही हातांत घेतला आणि तोंडाजवळ नेला. तिचं डोकं कितीही हललेलं असो, आई ती आईच.

“ह्यो दाऊद,” तिने डाव्यावर बोट ठेवलं. मग उजव्यावर ठेवलं. “आन् ह्यो कोन?”

“माझा हात चुकला,” चंद्रा म्हणाली. “माझाच हात मेला. माझ्या हाताला आग लागो.”

“पुस त्याला.”

“पुसता येत न्हाय, सालेहाबी. थिनर लावला त दुसरापन जाल. नाक जाल. सगळाच जाल.”

“म्हंजे ह्यो असाच राहनार? माझ्या पोराच्या तोंडात?”

चंद्रा खाली जमिनीवर बसून रडू लागली, आवाज न करता, शेडच्या मागे पिंपाच्या सावलीत ज्या बाईशी ती हसली होती तिच्या पायाशी. थोड्या वेळाने तिने वर पाहिलं. सालेहाने अंगठा उजव्या डोळ्यावर दाबून धरला होता. कपाळापासून गालापर्यंत निम्मं तोंड अंगठ्याखाली गेलं होतं आणि उरलेल्या निम्म्याकडे ती बघत होती. अंगठा हलत नव्हता.

“निम्मा आला,” ती हळूच म्हणाली. “तेवढा त तेवढा.”

चंद्राने डब्या बंद केल्या. चटणीचा डबा पलंगाशेजारी ठेवला. सालेहाने तिच्याकडे पाहिलं नाही.

गुलाम हुसेन तिला टेम्पोपर्यंत सोडायला आला. टेम्पो भरायचा होता, ड्रायव्हर चहा पीत होता. मग एकाएकी गुलाम हुसेनने चंद्रापुढे हात जोडले.

“तुझे उपकार न्हाय फिटनार. तू चपला घालत व्हतीस तवा मी आत गेलो, तिचा अंगठा जरा उचलून बघितला. एक डोळा तर हुबेहूब! काळजात चर्र झाला माझ्या. वाटला, दाऊदच उभा हाय.”

“हो शेठ,” चंद्रा म्हणाली. निदान ह्याला तरी सुख लागलं, असं तिला वाटलं.

“पन तिचा डोका आता पार गेला बग,” तो म्हणाला. “पोराचा डोळा आला, आन् ती नेमकी त्याच्यावरच अंगठा दाबून बसलीय. दुसऱ्या कुनाचा तरी तो झोपाळू डोळा बघत बसते. तू सांग तिला. तुझं ऐकेल. अंगठा काढ म्हनावं.”

चंद्राला आधी कळलंच नाही. मग कळलं. शेडमध्ये गुलाम हुसेन आला की दाऊद मशीन थांबवून उठायचा, हात पुढे बांधायचा आणि नजर जमिनीवर लावायचा. बाप बोलत असेपर्यंत ती वर उचलायची नाही. चांगल्या घरातल्या पोराची तशी रीतच होती आणि गुलाम हुसेनला तिचा अभिमान होता. माझा दाऊद माझ्याशी नजर मिळवत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. पोराने डोळे वर केले असतील तर चिडून, क्वचित, तोंड फिरवता फिरवता, आणि बापाने पाहिली ती तेवढीच नजर.

“सांगशील ना?” त्याने पुन्हा विचारलं. “येवड्या वरसांनी आला, तर बघू दे तिला.”

ड्रायव्हरने ग्लास ठेवला आणि हॉर्न दिला.

“न्हाय सांगवनार मना, शेठ,” चंद्रा म्हणाली आणि टेम्पोत चढली.